डिटेक्टर सारखा वाजतो, खोदलं की खिळा निघतो: नाशिकच्या मातीत सिग्नल कसा वाचायचा

कांद्याच्या वाफ्यात पडलेलं जोडवं, अंगणात हरवलेली अंगठी, पाडलेल्या वाड्याच्या मातीतलं एखादं जुनं नाणं. असं काहीतरी शोधायला म्हणून माणूस मेटल डिटेक्टर घेतो आणि थोड्याच दिवसांत वैतागतो. यंत्र दर दोन पावलांवर वाजतं. पडद्यावर नाण्याचा आकडा येतो आणि खड्ड्यातून खिळा निघतो. सरावासाठी मुद्दाम पुरलेला रुपया मात्र यंत्राला सापडत नाही. मग यंत्र बदलून घेतलं जातं आणि नवीन यंत्रही तेच करतं.

यंत्रात सहसा खोट नसते. सोबतची पुस्तिका आणि बहुतेक व्हिडिओ परदेशातली माती आणि तिथली नाणी धरून बनवलेले असतात. आपली माती बेसाल्टची, चलनातली बरीच नाणी स्टीलची आणि अंगावरचं सोनं नाजूक, बारीक, पुष्कळदा पोकळ. हे तिन्ही हिशेबात धरलं नाही तर कितीही महागाचं यंत्र घ्या, ते फसवणारच.

यंत्र उगाच वाजतंय

सेटिंगला हात लावण्याआधी कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, कमरेइतक्या उंचीवर हवेत धरा आणि अजिबात हलवू नका. तरीही किरकिर चालू असेल तर तो आवाज जमिनीतला नाही. वरून गेलेली विजेची तार, बोअरच्या मोटारीचा स्टार्टर, कुंपणाचं झटका मशीन, खिशातला मोबाइल, मनगटावरचं स्मार्टवॉच, यांपैकी काहीतरी त्यात मिसळतंय. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राकडून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारांखाली चांगलं यंत्रही बडबडायला लागतं. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, घड्याळ काढून ठेवा, यंत्रात फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची सोय असेल तर ती वापरून पाहा. तरीही थांबलं नाही तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, उतरवा किंवा तारांपासून लांब जा.

स्थिर धरल्यावर गप्प, पण हवेतच हलवलं की वाजतं, असं असेल तर यंत्राकडे बघा. कॉइलची वायर दांड्यावर सैल लोंबत असेल तर ती झोक्याबरोबर हलते आणि यंत्र तेच सिग्नल म्हणून दाखवतं. वायर दांड्याला घट्ट गुंडाळून चिकटपट्टीने बांधा. कॉइलच्या जोडणीचा स्क्रू आवळा. बुटाच्या टोकात लोखंडी टोपी असेल तर दर फेरीला पाय वाजतो, त्यामुळे साधी रबरी चप्पल बरी.

एक कारण फार थोडे लोक तपासतात. कॉइलखाली जे प्लॅस्टिकचं संरक्षक झाकण असतं, त्यात आणि कॉइलमध्ये बारीक रेती साठते. नदीकाठी काम केलं असेल तर त्या रेतीत चुंबकीय कण असतात आणि ते सतत कॉइलला चिकटून बसलेले असतात. झाकण काढून ओल्या फडक्याने पुसा. यंत्र खराब झालं म्हणून आणलेल्यांपैकी कितीतरी यंत्रं एवढ्यावर शांत झालेली मी पाहिली आहेत.

हवेत हलवूनही गप्प आणि जमिनीवर फिरवायला लागलं की बडबड, असं असेल तर प्रश्न मातीचा आहे. आपल्याकडे मुख्य दुखणं तेच.

माती बोलते ती गप्प कशी करायची

स्पीकरमधून निघालेला एखादा लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि गोदावरीच्या कोरड्या वाळूतून, निदान ओढ्याच्या वाळूतून, हळू फिरवा. पिशवी वर उचलली की तिच्या तळाला काळी बारीक लव उभी राहिलेली दिसेल. ती मॅग्नेटाइटची रेती. नाशिकचा सगळा मुलूख दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. या काळ्या पाषाणात लोहाची चुंबकीय खनिजं असतात, दगड झिजला की ती मातीत उतरतात. शेतातल्या काळ्या जमिनीत ती सगळीकडे पसरलेली असतात, तर नदीपात्रात जड असल्यामुळे पट्ट्यापट्ट्यांनी साठतात. डिटेक्टरला हे सगळं लोखंडासारखं दिसतं. कॉइलखाली माती एकसारखी असती तर फार बिघडलं नसतं, पण ती ढेकळागणिक बदलते आणि प्रत्येक बदलाला यंत्र वाजतं.

याला उपाय ग्राउंड बॅलन्स. यंत्र कारखान्यातून येतं तेव्हा त्याचा बॅलन्स कुठल्यातरी सरासरी जमिनीला जुळवलेला असतो, आपल्या जमिनीला नव्हे. आधी ऑल मेटल मोडमध्ये, म्हणजे लोखंडासकट सगळे धातू ऐकू येतील असं ठेवून, दोनेक फुटांची धातू नसलेली जागा शोधा. बॅलन्सचं बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून वर-खाली करा, गुडघ्याच्या उंचीपासून जमिनीच्या चार बोटं वरपर्यंत. कॉइल टेकवू नका. खाली नेताना आणि वर आणताना आवाज सारखाच राहिला की माती जुळली. हाताने जुळवायचं यंत्र असेल तर आवाज खाली नेताना वाढतो की वर आणताना, ते बघत आकडा एकेका पायरीने सरकवा.

हे सकाळी एकदा करून दिवसभर चालत नाही. काळ्या मातीतून मुरमाच्या बांधावर गेलात, मुरमावरून वाळूत उतरलात, पाणी भरलेल्या वाफ्यात शिरलात, की पुन्हा करायचं. जुन्या वाड्याच्या जागेवर तर दर थोड्या अंतरावर करावं लागतं, कारण भाजलेली वीट, चुलीखालची जळकी माती, राख हे सगळं चुंबकीय होऊन बसलेलं असतं. विटेचा तुकडा यंत्राला गोड आवाज देऊन जातो आणि नवखा माणूस तिथे हातभर खोदून बसतो. आवाज आला त्या जागी कॉइल जरा उचला. वस्तू धातूची असेल तर आवाज हळूहळू विरतो. वीट किंवा बेसाल्टचा गोटा असेल तर बहुतेक वेळा तो एकदम तुटतो.

काही यंत्रांत माती आपोआप मागोवा घेत जुळवायची सोय असते. ट्रॅकिंग म्हणतात ते. चालताना ती बरी, पण एखादा बारीक सिग्नल तपासताना बंद ठेवा. त्याच जागेवरून कॉइल पुन:पुन्हा नेली तर यंत्र त्या वस्तूलाच माती समजून हळूहळू पुसून टाकतं.

सेन्सिटिव्हिटीबद्दलचा गैरसमजही इथेच घालवावा लागतो. ती शेवटपर्यंत चढवली म्हणजे खोल दिसेल असं वाटतं. खनिजाने भरलेल्या जमिनीत उलट होतं, यंत्र मातीच्याच आवाजात बुडून जातं आणि खालचं नाणं त्या गोंगाटात हरवतं. आवाज स्थिर होईपर्यंत ती उतरवा, मग एक पायरी चढवा. कॉइल निवडायची सोय असेल तर डबल डी प्रकारची घ्या. तिच्या पट्ट्याखाली एका वेळी कमी माती येते, म्हणून आपल्या जमिनीत ती जास्त शांत राहते.

आकडा म्हणजे धातूचं नाव नव्हे

बहुतेक यंत्रांवर शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत आकडे असतात. कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरतात आणि त्यांचं उलट उत्तर कॉइलकडे येतं. ते किती मागे पडून आलं, त्यावरून आकडा ठरतो. तांबं-चांदी वीज उत्तम वाहतात, त्यांचं उत्तर जास्त मागे पडतं आणि आकडा वर जातो. पातळ फॉइलचा आकडा खाली राहतो. पण त्या उत्तरात धातूबरोबर वस्तूची जाडी, आकार, पडण्याचा कोन आणि खोली हेही मिसळलेलं असतं. म्हणून ॲल्युमिनियमचा जाड तुकडा चांदीच्या रुपयाच्या जवळचा आकडा दाखवतो आणि पातळ सोन्याची फुली गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी फॉइलइतका.

आपल्या मातीत आणखी एक गोष्ट होते आणि ती माहीत नसल्यामुळे पुष्कळ चांगल्या वस्तू जमिनीतच राहतात. नाणं जसजसं खोल असेल तसतसं त्याच्या उत्तरात मातीचं उत्तर मिसळतं आणि आकडा लोखंडाकडे घसरतो. चार बोटांवर ठाम आकडा देणारं तांब्याचं नाणं वीतभर खोलीवर नुसतं घरघरतं. लोखंड बंद करून फिरणाऱ्याला ते ऐकूच येत नाही. म्हणून शोधताना लोखंडाचा आवाज पूर्ण बंद करू नका, त्याला फक्त जाड टोन द्या. तो कानावर पडू दे.

पुरलेला रुपया सापडत नाही

१९९२ पासूनचा एक रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे. २००५ पासूनचे दोन रुपयेही तसेच. हे स्टील चुंबकाला चिकटतं. गोदाकाठी दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातून नाणी काढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील, त्यांच्या चुंबकाला जे लागतं ते हेच. आता यंत्राचा कॉइन मोड लावा. तो आधी लोखंडाचा पट्टा कापतो, म्हणजे आजचा रुपया कापतो. यंत्र सांगितलेलं काम चोख करत असतं, फक्त ज्यांनी ते बनवलं त्यांच्यासमोर आपली नाणी नव्हती.

ऑल मेटलमध्ये रुपया दिसतो, पण ठाम दिसत नाही. एका फेरीत तो लोखंडासारखा घरघरतो, दुसऱ्या फेरीत आकडा उंच उडतो. सोड्याच्या बाटलीचं दातेरी झाकणही अगदी असंच वागतं, कारण तेही पातळ, गोल आणि चुंबकीय. या दोघांतला फरक आवाजावरून खात्रीने सांगता येतो असं कोणी म्हणालं तर मी मानणार नाही.

म्हणून सरावाला रुपया पुरू नका. २००४ पर्यंतचं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं घ्या, ते तांबं-निकेलचं आहे. जुनं जाड पाच रुपयांचं नाणंही तांबं-निकेलचं. २००९ पासूनचं पिवळट पाच रुपयांचं नाणं निकेल-पितळेचं, तेही चालेल. दहाच्या नाण्याचं बाहेरचं कडं ॲल्युमिनियम-ब्राँझचं असतं, त्याचा सिग्नल चांगला येतो. चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे ॲल्युमिनियमचे. पंचवीस पैशांपर्यंतची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण जुन्या घरांच्या अंगणात ती अजून निघतात आणि आवाज स्वच्छ देतात.

त्याहून जुन्यांत भोकाचा पैसा ब्राँझचा, १९४३ ते १९४७ दरम्यानचा. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, सुमारे ९१.७ टक्के चांदीचा. त्याचा आकडा वर, ठाम आणि दोन्ही बाजूंनी सारखा येतो. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. हा निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, तेव्हा चिकटला म्हणून फेकून देऊ नका, आधी पुसून साल बघा.

जुनं नाणं निघालं तर

इथे मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण यंत्र हातात आलं की हे विसरलं जातं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर ती कुठे, कधी, किती सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे यंत्र पिशवीतूनही काढू नका. दुसऱ्याच्या शेतात मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

कायद्यापलीकडेही कारण आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव करून त्याचं चलन आपलं केलं, हे त्या ठेव्यातून इतक्या ठळकपणे दिसलं ते नाणी एकत्र, एका जागी मिळाली म्हणून. तीच नाणी चार जणांनी वाटून मोडीत घातली असती तर चांदीचा भाव तेवढा कळला असता. होळकरांच्या काळात चांदवडला टांकसाळ होती, त्यामुळे या भागात कुठे काय निघेल सांगता येत नाही. जुनी नाणी दिसतात कशी, हे डोळ्यांखालून घालायचं असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० पासून चालत आलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचं संग्रहालय एकदा बघून या.

रामकुंडावरही यंत्र नेऊ नये असं माझं मत आहे. तिथे अस्थिविसर्जन होतं, लोक आपल्या माणसाबरोबर सोन्याचा मणी सोडतात. शिवाय घाटाच्या काँक्रीटमध्ये सळया असतात, त्यावर यंत्र अखंड ओरडतं, ते वेगळंच.

खिळा, झाकण, पत्रा: कान कसा लावायचा

कुंभाराकडे माठ घेताना आपण बोटाने वाजवून चीर ओळखतो, तसाच इथे आवाजाचा पोत ऐकायचा असतो. कॉइल वस्तूवरून डावीकडून उजवीकडे न्या, मग उजवीकडून डावीकडे. नाणं दोन्ही वेळा एकच गोल, भरीव आवाज देतं, सुरुवात आणि शेवट गुळगुळीत. खिळा एका बाजूने वाजतो, परतताना तुटतो, कधी दोनदा टिकटिकतो.

आता त्याच जागेभोवती काटकोनात वळा आणि पुन्हा कॉइल फिरवा. ही एक सवय लागली तर निम्मे खड्डे वाचतात. नाणं गोल आहे, त्याला कुठूनही बघा, सारखंच. खिळा लांब आहे. आडवा असताना गोड वाजलेला खिळा उभ्या बाजूने नुसता घरघरतो किंवा गायब होतो. नेमकी जागा दाखवणारं पिनपॉइंटचं बटण दाबल्यावर वस्तूची जागा आधीच्या आवाजापेक्षा चार बोटं बाजूला सरकली तर तेही लोखंडाचंच लक्षण.

झाकण जास्त हुशार. ते गोल असल्यामुळे वळूनही सारखंच वाजतं. त्याला कॉइलच्या कडेने पकडायचं. कॉइल वस्तूवर आणा आणि छोट्या छोट्या फेऱ्या मारत स्वतःकडे ओढत न्या, म्हणजे वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाखाली येते. नाणं टोकाशी येईपर्यंत तोच सूर ठेवतं आणि मग थांबतं. झाकण टोकाशी आलं की त्यात लोखंडाची घरघर मिसळते.

पत्रा, डबा, रोटाव्हेटरचं तुटकं पातं यांचा आवाज मोठा आणि पसरट असतो. आकडा चांदीचा आणि आवाज जोरात, असं आलं की कॉइल वीतभर उचला. तरीही तितक्याच जोरात वाजलं तर खाली नाणं नाही. गंजलेलं लोखंड आणखी फसवतं, कारण गंज आजूबाजूच्या मातीत उतरून वस्तू आहे त्याहून मोठी भासते. खोदल्यावर सिग्नलच नाहीसा झाला तर घाबरू नका, गंजाची ती पसरण मोडली एवढंच. आतला भुरका तुकडा मातीतच कुठेतरी असतो.

द्राक्षबागेत कथा निराळी. दिंडोरी-निफाडकडच्या बागांत लोखंडी अँगल, जीआय तार, नटबोल्ट यांचं जाळं असतं. ओळीला समांतर चाला, अँगलपासून कॉइल हातभर लांब ठेवा आणि लहान कॉइल वापरा. मोठ्या कॉइलखाली खिळा आणि अंगठी एकत्र येतात आणि खिळा अंगठीला झाकून टाकतो. फेरीही सावकाश घ्या.

सोनं का सापडत नाही

आता ज्यासाठी बहुतेक जण यंत्र घेतात ते. सोन्याला स्वतःचा वेगळा आवाज नाही. फॉइलपासून जाड ॲल्युमिनियमपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात ते कुठेही बसतं, वजन आणि घडणीप्रमाणे. बारीक फुली, चमकी, नथीची तार फॉइलच्या जागी. साधी बायकी अंगठी त्याच्या थोडी वर. पुरुषाची जाड वेढणी आणखी वर. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सोय, लावून गोळ्यांच्या पाकिटाची फॉइल आणि दिव्याच्या ॲल्युमिनियमच्या वाट्या कापल्या, की बायकांचे निम्मे दागिने त्याबरोबर कापले गेले. दागिना शोधायचा असेल तर लोखंड नसलेला प्रत्येक ठाम सिग्नल खोदायचा, कचरा निघणार हे धरून चालायचं. याला जवळचा रस्ता मला माहीत नाही आणि तसा रस्ता विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

घडण फार महत्त्वाची. अखंड कडं असलेली अंगठी मोठा आवाज देते, कारण प्रवाह पूर्ण गोल फिरतो. तीच अंगठी एका जागी तुटली की आकडा आणि आवाज दोन्ही झपकन उतरतात. जोडवं बोटावर बसवायला मुळातच उघडं ठेवलेलं असतं. म्हणून चांदीचं असूनही त्याचा आकडा चांदीच्या नाण्याइतका येईल अशी अपेक्षा धरू नका. रोपं लावताना चिखल पायातून जोडवं ओढून घेतो, कांदा लागवडीच्या दिवसांत अशी हाक हमखास येते, आणि शोधणारा वरचे आकडे ऐकत त्याच्यावरून निघून जातो. घरात दुसऱ्या पायाचं जोडवं असतं. ते मागून घ्या, त्याच वाफ्यातल्या मातीवर ठेवा, कॉइल फिरवा, आकडा आणि आवाज लक्षात ठेवा. हरवलेल्या वस्तूची जोडी हातात असणं हा सर्वांत मोठा फायदा आहे. कुडी, पैंजण, बुगडी, सगळ्यांना हे लागू.

साखळी सर्वांत अवघड. यंत्र अख्खी साखळी बघत नाही, एकेक कडी बघतं, आणि कडी इतकी बारीक असते की काही यंत्रांना ती दिसतच नाही. ऐकू येतो तो फासा. मंगळसूत्रात काळे मणी काचेचे, त्यांना आवाज नाही. वाट्या पातळ आणि पोकळ, त्यांचा हलका, फॉइलसारखा सूर येतो. अशा कामाला जास्त फ्रिक्वेन्सीचं यंत्र लागतं. पाच-सात किलोहर्ट्झवर बारीक सोनं निसटतं, पंधरा-वीसच्या वर ते बरं पकडलं जातं.

आणि सोन्याचा कण कोणत्याही साध्या डिटेक्टरने सापडत नाही. सराफ बाजारातली धूळ धुऊन त्यातून सोनं काढणारे झारेकरी पाणी आणि पाटी वापरतात ते उगाच नाही.

सरावाचा वाफा

घरामागे चार हात जागा असेल तर आधी ती ऑल मेटलमध्ये तपासून साफ करा. मग खिळा, दातेरी झाकण, फॉइलची गोळी, पितळी पाच रुपये, अकरा कोनी दोन रुपये, एखादं चांदीचं जोडवं, असं दोन-दोन फुटांवर पुरा. एक ओळ चार बोटांवर, एक वीतभर खोल. एका जागी नाण्याशेजारी मुद्दाम खिळा ठेवा, झाकोळ कसा पडतो ते कळेल. सोन्याची अंगठी पुरायची असेल तर तिला नायलॉनचा दोरा बांधून टोक वर ठेवा. वहीत प्रत्येकाचा आकडा दोन्ही दिशांनी लिहा, कोरड्या मातीत एकदा, पाणी दिल्यावर एकदा. ताज्या पुरलेल्या वस्तूचा सिग्नल पहिले काही दिवस कमजोर असतो, माती दबली की तो सुधारतो. ही वही कोणत्याही पुस्तिकेपेक्षा उपयोगाची, कारण ती तुमच्या यंत्राची आणि तुमच्या मातीची असते.

तुटलेली साखळी: शेवटचा तुकडा

साखळीचा एक तुकडा सापडला म्हणजे काम संपलं असं समजून लोक उठतात. नांगरलेल्या किंवा खुरपलेल्या रानात साखळी जिथे पडली तिथे राहत नाही, अवजाराच्या चालीबरोबर सरीच्या दिशेने ओढली जाते. तुकडा निघाला की आधी खड्डा पुन्हा ऐका, मग काढलेली माती गोणपाटावर पसरून तिच्यावरून कॉइल न्या. हातातली बांगडी, अंगठी आधी काढून ठेवा, नाहीतर मूठभर माती तपासताना तुमचाच हात वाजेल. त्यानंतर सरीच्या दोन्ही दिशांना दहा-बारा पावलं, ऑल मेटलमध्ये, कॉइल जवळजवळ मातीला घासत, अगदी सावकाश जा. बारीक कडीचा आवाज जेमतेम कुजबुजीइतका असतो, म्हणून हेडफोन लावा. आणि ज्यांचा दागिना आहे त्यांना तुकडे जुळवून लांबी बघायला सांगा, किती उरलं आहे ते त्यांनाच नेमकं कळतं.